हवेचा काटा गावाच्या हाती हवा

शेतकऱ्याच्या लुटीचा इतिहास हा बराचसा मापाचा इतिहास आहे. सावकाराची घ्यायची पायली मोठी आणि द्यायची लहान. व्यापाऱ्याच्या आडतीवर कडता. दुधाला फॅट लागत नाही म्हणून भाव पाडायचा, आणि फॅट लागते की नाही हे सांगणारा विकत घेणाराच. ज्याच्या हातात माप, त्याच्या हातात भाव, हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवायला नको.

डहाणू-तलासरीच्या माणसाला तर मुळीच नको. २३ मे १९४५ रोजी तलासरीतल्या झरी गावी आदिवासी शेतकरी जमले आणि वेठबिगारी करणार नाही असे ठरवून उठले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर गवत कापणीचा संप झाला. त्या संपाची मागणी होती ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. ‘मजुरी वाढवा’ एवढेच मोघम म्हणून लोक थांबले नाहीत. किती गवत आणि किती पैसे, हे आकड्यात सांगितले, म्हणून जमीनदाराला आणि सरकारला टोलवाटोलवी करता आली नाही. आकडा आपल्या तोंडी आला की समोरच्याला उत्तर द्यावे लागते.

आज ऐंशी वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर याच दोन तालुक्यांत वेगळे माप हवे आहे. गवताचे, भाताचे, चिकूचे वजन डोळ्यांनी दिसते. हवेतून येते ते दिसत नाही. बागेवर कोणता वायू उतरतो, पाड्यात पोरे किती बारीक धूळ छातीत घेतात, याचा काटा आपल्याजवळ नाही. तो कारखान्याजवळ आहे, मंडळाजवळ आहे. तो आपल्या गावाच्या हाती यावा, आणि आता तो येऊ शकतो, हे सांगण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

कायदा आहे, काटा नाही

आपल्या तालुक्याची कहाणी थोडक्यात आठवू. केंद्र सरकारने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आणि उद्योगांसाठीची जमीन जास्तीत जास्त ५०० एकर एवढी मर्यादित केली. पण त्याआधीच, १९८९ साली, खाडीकाठच्या ५०० मेगावॉटच्या कोळशाच्या वीज केंद्राला परवानगी मिळालेली होती. १९९५ मध्ये ते सुरू झाले. ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यानुसार डिसेंबर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. देशात एका तालुक्यासाठी असे प्राधिकरण मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

या प्राधिकरणाने १९९९ साली वीज केंद्राला धुरातला गंधक काढणारे यंत्र बसवण्याचा आदेश दिला. यंत्र चालू झाले २००७ साली. मधली आठ वर्षे अर्ज, अपील आणि तारखा यांत गेली. त्या आठ वर्षांत बागांवर किती गंधक उतरला याची गावोगावची नोंद आपल्याजवळ आहे काय? नाही. बागायतदार म्हणत राहिले की चिकूचे उत्पन्न घटले, पानांवर राख दिसते. उत्तर मिळत राहिले की फळगळ बुरशीने होते, बी पोखरणाऱ्या अळीने होते, हवामान बदलले आहे. आता बुरशी खरी आहे आणि अळीही खरी आहे. पावसाळ्यात त्यांनी केलेले नुकसान प्रत्येक बागायतदार ओळखतो. पण धुराचा वाटा त्यात किती, शून्य की निम्मा, हे ठरवायला बागेतल्या हवेचे माप लागते. ते नव्हते. म्हणून हा वाद तीस वर्षे मिटला नाही. आणि जो वाद मिटत नाही त्यात हरतो तो नेहमी नुकसान सोसणारा.

कायद्याकडे पाहा. नोव्हेंबर २००९ च्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे हवेतल्या सल्फर डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा औद्योगिक आणि निवासी भागांसाठी घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आहे. केंद्राने अधिसूचित केलेल्या संवेदनशील क्षेत्रासाठी ती फक्त २० आहे. म्हणजे १९९१ पासून अधिसूचित असलेल्या तालुक्यातला शेतकरी इतरांपेक्षा अडीचपट स्वच्छ हवेवर हक्क सांगू शकतो. पण २० आणि ५० यांतला फरक नाकाला कळत नाही. तो यंत्रालाच कळतो. यंत्र नसेल तर हा हक्क कागदावरच राहतो.

आणि पुढचे दिवस सोपे नाहीत. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या बहुसंख्य कोळसा वीज केंद्रांना गंधक काढणारे यंत्र बसवण्याच्या सक्तीतून अटींवर मोकळे केले. आपल्याकडचे यंत्र बसलेले आहे. पण बसलेले यंत्र रोज, पूर्ण ताकदीने चालते याची खात्री गावाने कशावरून करायची? तिकडे वाढवण बंदराचे पाहा. १९९८ साली ज्या प्राधिकरणाने ते नाकारले, त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी त्याला ना-हरकत दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालायचा आहे. भरावासाठीचा माल, दगड, डंपर, शिवाय तलासरीतून जाणारे महामार्ग आणि द्रुतगती मार्ग या सगळ्यांची धूळ कोणत्या पाड्यावर किती बसेल? काम पुरे झाल्यावर मोजायला गेलो तर आधीची हवा कशी होती हे सांगता येणार नाही. भूकंपाचे तेच झाले. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात धक्के बसू लागले, लोक थंडीत घराबाहेर झोपले, आणि त्यानंतर तालुक्यात मापनयंत्रे आली. धरणीकंप आधी सांगून येत नाही, तिथे नाइलाज. बंदर मात्र सांगून येते. त्याच्या आधी माप का नसावे?

हे नवे माप आहे तरी काय

सरकारी पद्धतीचे हवा मोजण्याचे एक स्वयंचलित केंद्र उभे करायला कोटीच्या घरात खर्च येतो. म्हणून ती शहरांत बसतात, पाड्यांत बसत नाहीत. पण गेल्या काही वर्षांत मुठीत मावतील असे सेन्सर निघाले आहेत, आणि त्यांतला महत्त्वाचा भाग संयुगी अर्धवाहकांचा असतो. शब्द जड आहे, वस्तू ओळखीची आहे.

काचेसारखी वस्तू वीज वाहू देत नाही, तांबे मोकळेपणाने वाहू देते. या दोहोंच्या मधले ते अर्धवाहक. संगणकात असते ते सिलिकॉन, एकाच मूलद्रव्याचे. दोन किंवा अधिक मूलद्रव्ये ठराविक प्रमाणात जोडून बनतात ते संयुगी अर्धवाहक: गॅलियम आर्सेनाइड, गॅलियम नायट्राइड, कथिलाचा ऑक्साइड, जस्ताचा ऑक्साइड. टी.व्ही.च्या रिमोटच्या टोकाशी गॅलियम आर्सेनाइड आहे. घरातल्या एल.ई.डी. दिव्यात गॅलियम नायट्राइड आहे. सिलिकॉनला प्रकाश नीट देता येत नाही, यांना येतो. काहींना उष्णता सोसते, आणि काहींच्या पृष्ठभागाला वायू लागला की त्यांची वीज वाहण्याची ताकद बदलते. या गुणांवरच सेन्सर चालतात.

कथिलाच्या ऑक्साइडचे उदाहरण घ्या. त्याचा पातळ थर बारीक तारेने तीनशे अंशांच्या आसपास तापवतात. हवेतला ऑक्सिजन त्याला चिकटतो आणि त्यातले इलेक्ट्रॉन अडवून धरतो. वीज जाईनाशी होते. मग कार्बन मोनॉक्साइड किंवा स्वयंपाकाचा गॅस यांसारखा जळणारा वायू आला की तो त्या ऑक्सिजनला घेऊन जातो, इलेक्ट्रॉन सुटतात आणि वीज वाढते. किती वाढली त्यावरून वायू किती ते कळते. जपानचे नाओयोशी तागुची यांनी १९६२ साली ही युक्ती वापरात आणली. गॅसगळतीची घंटा वाजवणारी यंत्रे तिच्यावरच निघाली.

धुळीचा सेन्सर याहून सोपा. लहानसा पंखा हवा आत ओढतो, लेझरचा किरण तिच्यातून जातो, धुळीचे कण प्रकाश विखुरतात आणि समोरचा डोळा ते टिपतो. उन्हाच्या तिरिपेत घरातली धूळ दिसते, तसेच हे. हा लेझर देणारा तुकडा संयुगी अर्धवाहकाचा. असा धुळीचा सुटा सेन्सर आज काही हजार रुपयांत मिळतो.

गंधकाच्या वायूचे मात्र सरळ सांगितले पाहिजे. कथिलाचा स्वस्त सेन्सर सल्फर डायऑक्साइड नेमका ओळखण्याच्या कामाचा नाही. त्यासाठी आज बहुधा रासायनिक घटाचे सेन्सर वापरतात. ते महाग पडतात आणि ठराविक काळाने बदलावे लागतात. पण हा वायू अतिनील प्रकाश शोषून घेतो, आणि ॲल्युमिनियम-गॅलियम नायट्राइडचे अतिनील दिवे आता नखाएवढे होऊ लागले आहेत. त्यांच्या आधाराने लहान गंधकमापक करण्याचे संशोधन चालू आहे. डहाणूला ज्याची सर्वांत जास्त गरज आहे तोच सेन्सर अजून स्वस्त झालेला नाही. म्हणून तो स्वस्त करण्याची मागणी डहाणूनेच केली पाहिजे.

खोटा काटा नको

इथे सावध राहिले पाहिजे. सेन्सरची डबी भिंतीला टांगली म्हणजे माप झाले असे नाही. धुळीच्या सेन्सरला दमट हवेत कण फुगलेले दिसतात आणि आकडा वाढतो. आपल्या पावसाळ्यात आणि खाडीकाठच्या धुक्यात हे नक्की होणार. कथिलाच्या थरावर बाष्पाचा परिणाम होतो, एक वायू दुसऱ्यासारखा भासतो. समुद्राची खारी हवा जोडण्या खाते. महिने गेले की आकडा हळूहळू सरकतो. असा न तपासलेला सेन्सर बंगल्याच्या गच्चीवर शोभेला ठीक. गावाच्या भांडणात तो आपल्याच अंगावर उलटेल. पहिल्याच सुनावणीत समोरचा वकील विचारील, ‘हे यंत्र कुणी तपासले?’

यावर उपाय आहे, आणि तो बाजारात आपण रोज पाहतो. व्यापाऱ्याच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. मुदत संपली की काटा पुन्हा तपासून घ्यावा लागतो. सेन्सरचेही तेच. तो काही आठवडे सरकारी पद्धतीच्या यंत्राशेजारी ठेवायचा, दोघांचे आकडे ताडायचे, दुरुस्तीचे गणित काढायचे, आणि हे पावसाळ्यात एकदा, हिवाळ्यात एकदा करायचे. हे काम देशात झालेले आहे. २०२०-२१ मध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने आय.आय.टी. कानपूरच्या सहकार्याने मुंबई परिसरातल्या सरकारी केंद्रांशेजारी स्वस्त सेन्सर बसवून पाहिले. पुढे कानपूरच्याच पुढाकाराने बिहार आणि उत्तर प्रदेशाच्या ग्रामीण भागांत ब्लॉक पातळीपर्यंत असे सेन्सर बसले. बिहारच्या खेड्याला जे मिळते ते डहाणू-तलासरीच्या पाड्याला का मिळू नये?

देखभाल करायला माणसे कुठून आणायची, असे विचारणाऱ्यांनी चिंचणी-वाणगावला जावे. तिथल्या घराघरांत दागिन्यांचे साचे कोरणारे डायमेकर बसलेले आहेत. केसाएवढी रेघ पोलादात कोरणाऱ्या हातांना सेन्सर उघडून पुसणे, तार जोडणे जमणार नाही काय? आणि तपासणीचे यंत्र ठेवायला कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे.

आक्षेप तीन

पहिला आक्षेप आपल्यातलाच. लोक म्हणतात, शेतकऱ्याला भाव हवा, पाणी हवे, वीज हवी. हे सेन्सरचे चोचले कशाला? आम्ही म्हणतो, भावाशी याचा थेट संबंध आहे. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते इथल्या मातीचे आणि हवेचे म्हणून मिळाले. ज्या हवेच्या नावावर माल विकायचा ती राखणे हा भावाचाच प्रश्न आहे. शिवाय हेच तंत्र फळालाही लागू पडते. इंडियम-गॅलियम आर्सेनाइडचा डोळा डोळ्यांना न दिसणारा तांबड्यापलीकडचा प्रकाश ओळखतो, आणि त्यावरून फळ न कापता त्याची गोडी अजमावणारी यंत्रे जगात वापरात आहेत. आज करंडीतला चिकू हातात घेऊन ‘दुसरी प्रत’ म्हणणारा व्यापारी असतो. उद्या शेतकऱ्याच्या संघाकडे असे यंत्र असेल तर प्रत कुणी ठरवायची?

दुसरा आक्षेप नाजूक आहे. आकडे वाईट निघाले आणि छापून आले तर आमच्याच चिकूचा भाव पडेल, अशी भीती बागायतदारांना वाटते. ही भीती खोटी नाही. म्हणून नोंद आधी ग्रामसभेपुढे यावी, तपासलेलीच यावी, आणि तिच्यावर काय कारवाई मागायची ते ग्रामसभेने ठरवावे, असे आमचे मत आहे. पण लपवण्याने रोग जात नाही. आज न मोजता गप्प बसलो तर दहा वर्षांनी बाग गेलेली असेल आणि नुकसानभरपाई मागायला हातात एक कागद नसेल.

तिसरा आक्षेप अधिकाऱ्यांचा: गावाच्या सेन्सरचा आकडा कायद्यात चालत नाही. बरोबर आहे. न्यायालयापुढे ठेवायचा नमुना अधिकृत अधिकाऱ्यानेच ठरलेल्या पद्धतीने घ्यावा लागतो. पण तो अधिकारी गावात कधी येतो? तक्रार झाल्यावर, आठवड्याने, वारा फिरल्यावर. कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला, कोणत्या पाड्यावर आकडा चढतो हे गावाची नोंदवही सांगेल, तेव्हा ‘त्या वेळी या’ असे आपण त्याला बजावू शकू. गावाचा सेन्सर निकाल देणार नाही. पण निकाल देणाऱ्याला जागेवर आणील.

पैसा नाही असे म्हणू नका

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तीत संयुगी अर्धवाहक आणि सेन्सर यांच्या कारखान्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे; भांडवली खर्चाचा निम्मा भार सरकार उचलते. आणि जून २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने वाढवण बंदराला मंजुरी दिली, तो खर्च आहे ७६,२२० कोटी. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. एवढे पैसे चिपला आहेत, एवढेच बंदराला आहेत. डहाणू आणि तलासरीच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत तपासलेले सेन्सर बसवण्याचा खर्च या आकड्यांपुढे चिमूटभर आहे.

सेन्सर स्वस्त होणार नाहीत असेही कुणी म्हणू नये. एल.ई.डी. बल्ब हा संयुगी अर्धवाहकच. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत त्याचा भाव ३१० रुपये होता. लाखोंनी, कोटींनी खरेदी झाली आणि २०१६ मध्ये तो ३८ रुपयांवर आला. घाऊक मागणी आली की भाव उतरतो. पुण्याचे सी-मेट, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, मुंबईची आय.आय.टी. येथे वायू ओळखणाऱ्या पातळ थरांवर वर्षानुवर्षे काम चालले आहे. ते आपल्या पाड्यापर्यंत यायला गिऱ्हाईक हवे. सरकारने गावांच्या वतीने गिऱ्हाईक व्हावे.

जिल्हा मेळाव्यापुढे ठराव

पालघर जिल्ह्याच्या येत्या मेळाव्यात पुढील मागण्यांचा ठराव मांडावा अशी आमची सूचना आहे.

१. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत धूळ मोजणारे सेन्सर बसवावेत, आणि वीज केंद्राच्या व बंदराच्या परिसरातल्या गावांत सल्फर डायऑक्साइडचेही. बंदराच्या भरावाचे काम वाढण्याआधी ही नोंद सुरू व्हावी.

२. सेन्सर तपासण्यासाठी सरकारी पद्धतीचे एक केंद्र तालुक्यातच उभारावे, आणि वर्षातून दोनदा तपासणी झाल्याशिवाय कोणत्याही सेन्सरचा आकडा वापरू नये.

३. नोंदीची मालकी ग्रामसभेची असावी. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात आणि पेसा कायदा १९९६ पासून आहे. ग्रामसभेला ही मागणी करण्याचा पूर्ण अधिकार आहे. ज्याच्या धुराचे माप घ्यायचे त्याच्या देणगीतून सेन्सर घेऊ नयेत.

४. प्रत्येक गावातले दोन तरुण आणि दोन तरुणी यांना देखभालीचे शिक्षण आणि मानधन द्यावे.

५. स्वस्त आणि टिकाऊ गंधकमापक तयार करण्याचे काम राज्यातल्या संशोधन संस्थांना नेमून द्यावे, आणि त्याची चाचणी डहाणूच्या पावसाळ्यात, खाऱ्या हवेत व्हावी. प्रयोगशाळेतल्या कोरड्या खोलीत उतरलेला सेन्सर आपल्या उपयोगाचा नाही.

सरकारची वाट न पाहता एक काम आपल्याला आजच करता येते. प्रत्येक गावाने एक वही घालावी. वारा कोणत्या दिशेचा, धूर किंवा राख दिसली का, पानांवर डाग कधी आले, फळगळ कोणत्या आठवड्यात झाली, हे तारखेनिशी लिहून ठेवावे. सेन्सर येईल तेव्हा त्याच्या आकड्याशेजारी ठेवायला ही वही लागणार आहे. मेळाव्याला येताना ती सोबत आणावी.